गळका झरोका

कौलारू घरांत ज्यांचें बालपण गेलें असेल त्यांस काचेचें कौल ठाऊक असेलच. स्वयंपाकघराच्या अंधारांत त्या एका कौलांतून उन्हाचा कवडसा उतरे व त्यांत धुळीचे कण नाचत. परंतु पावसाळा लागला कीं बहुधा त्याच कौलाच्या कडेनें प्रथम पाणी ठिबकूं लागे, आणि आई त्याखालीं पातेलें आणून ठेवी. प्रकाशासाठीं छपरास भोंक पाडलें कीं पावसासही वाट मिळते, हा नियम सर्व देशांत सारखाच आहे. त्याचा एक धडा आम्हांस स्वदेशापासून फार दूर, स्कॉटलंडमध्यें, एका मोटारगाडीच्या छपराखालीं मिळाला. तो येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम या गाडीची ओळख करून घेऊं. जिच्यांत निजण्याची, स्वयंपाकाची व सामान ठेवण्याची सोय असते अशा गाडीस कॅम्पर व्हॅन म्हणतात. सन १९४७ मध्यें बेन पॉन या डच व्यापाऱ्यानें आपल्या वहींत पेटीच्या आकाराच्या एका गाडीचें रेखाचित्र काढलें. त्या कल्पनेवरून जर्मनींतील फोक्सवागन कारखान्यानें १९५० सालीं व्हॅन तयार करण्यास आरंभ केला, आणि लवकरच वेस्टफालिया नांवाच्या कंपनीनें तसल्या व्हॅनमध्यें बिछाने व कपाटें बसवून दिलीं. पुढें अनेक कारखानदारांनीं ही युक्ति उचलली. मात्र अशा गाडींत उभें राहतां येत नाहीं, ही मोठी अडचण. आणि छप्पर कायमचें उंच करावें, तर धांवतांना वारा अडून तेल अधिक जळतें. यावर तोड म्हणून वर उचलतां येणारें छप्पर निघालें. प्रवासांत तें खालीं बसलेलें असतें. मुक्कामाच्या जागीं तें बिजागरीवर वर उचललें कीं भोंवतीं कापडाच्या भिंती ताणल्या जातात, व आंत उभें राहण्यास आणि वर निजण्यास जागा होते. कित्येक गाड्यांच्या या छपरांत उजेड व हवा यांसाठीं एक चौकोनी झरोका बसविलेला असतो.

ज्या देशांतून डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले, तो देश एकदां पाहावा अशी आमची फार दिवसांची इच्छा होती. सन २०१९ च्या जुलै महिन्यांत ती सफल झाली, आणि ओबन या बंदराच्या गांवाजवळ आम्ही एका वृद्ध स्नेह्यांच्या घरीं उतरलों. ते निवृत्त शिक्षक. त्यांच्या पत्नी दीर्घ आजारांतून नुकत्याच उठल्या होत्या. तरुणपणीं ज्या सरोवराच्या कांठीं दोघांनीं अनेक रात्री काढल्या, तेथें पुन्हां एकदां आपली गाडी घेऊन जावें, एवढीच त्यांची इच्छा होती. परंतु गाडीचा झरोका गळत असे, आणि डॉक्टरांनीं तर ओल व थंडी यांपासून जपण्याची ताकीद दिलेली. गाडी विकून टाकावी, असें वृद्ध गृहस्थ म्हणूं लागले होते. बाई यावर कांहीं बोलत नसत. पण गाडीचे पडदे त्यांनीं धुवून, इस्त्री करून घडी घालून ठेवलेले आम्हीं पाहिले.

दुरुस्तीचें काम आम्हीं आपण होऊन अंगावर घेतलें. छप्पर खालीं बसलेलें असतांना झाऱ्यानें त्यावर पाणी ओतून पाहिलें; आंत एक थेंबही आला नाहीं. तेव्हां आम्हीं निदान सांगितलें कीं ही गळती नव्हेच. दोन माणसांच्या श्वासावाटें रात्रभरांत पेलाभर तरी पाणी वाफेच्या रूपानें बाहेर पडतें. तें थंड झरोक्याला लागून त्याचे थेंब बनतात. खिडकी किंचित् उघडी ठेवा म्हणजे झालें! व्याख्यान मोठें सुंदर झालें. त्याच रात्रीं आमचे स्नेही परीक्षेसाठीं अंगणांतील गाडींत एकटेच निजले. पहांटे पाऊस झाला, आणि सकाळीं ते ओली गादी खांद्यावर घेऊन घरांत आले. बाईंनीं आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. पुढ्यांत चहा ठेवला. तो चहा घशाखालीं उतरण्यास कठीण गेला.

चूक कोठें झाली? वाफेचे थेंब बनतात हें खरें. परंतु आम्हीं छप्पर मिटलेलें असतांना परीक्षा घेतली, आणि माणसें निजत तीं तें उघडलेलें असतांना. त्या गाडीच्या छपराची बिजागरी मागल्या बाजूस होती. पुढला भाग वर उचलला कीं छपरास उतार येई, वरून येणारें पाणी झरोक्याच्या चौकटीवर आदळे, आणि तिच्या वरच्या कडेशीं बांध घातल्याप्रमाणें तुंबून राही. छप्पर मिटलेलें असे तेव्हां पाणी चहूंकडे निथळून जाई, म्हणून तें कोरडें दिसलें. जी वस्तु ज्या स्थितींत बिघडते, त्याच स्थितींत तिची परीक्षा घेतली पाहिजे, हा आमचा पहिला धडा.

दुसरी परीक्षा आम्हीं शांतपणें घेतली. छप्पर वर उचललें. झरोक्याभोंवतीं आंतल्या बाजूस खडूची बारीक पूड लावली. एकानें आंत विजेरी घेऊन बसावें व दुसऱ्यानें बाहेरून पाणी ओतावें; तेंही प्रथम खालच्या कडेस, मग बाजूंस व शेवटीं वरच्या कडेस, आणि दर वेळीं पांच मिनिटें थांबावें. एकदम सर्वत्र पाणी ओतलें तर तें कोठून शिरलें हें कळणार नाहीं. वरच्या कडेच्या डाव्या कोंपऱ्यांत पूड भिजली. पण थेंब मात्र तेथें पडत नव्हता! पाणी छप्पर व आंतील प्लायवुडाचें अस्तर यांच्यामधील फटींतून उतारानें हातभर मागें जाऊन, मग गादीवर पडत होतें. कौलारू घरांतही डाग दिसतो एकीकडे व फुटकें कौल असतें दुसरीकडे, हें आपण जाणतांच.

आतां फट कां पडली तें पाहूं. अशा झरोक्यास आंतील व बाहेरील अशा दोन चौकटी असतात. त्या स्क्रूंनीं एकमेकींकडे ओढल्या जातात व छप्पर त्यांच्यामध्यें चिमटलें जातें. चौकट प्लास्टिकची, छप्पर काचतंतूंचें. असल्या प्लास्टिकची एक मीटर लांबीची पट्टी एक अंश सेल्सिअस उष्णतेनें सुमारें ०.०७ मिलिमीटर वाढते. काचतंतूंचें छप्पर त्याच्या निम्म्याच्या आसपासच वाढतें. हिंवाळ्यांतील रात्र व उन्हाळ्यांतील दुपार यांत छपराच्या उष्णतेंत ५० अंशांचा फरक धरला, तर ४० सेंटिमीटर बाजूची चौकट ०.०७ × ०.४ × ५० म्हणजे १.४ मिलिमीटर वाढेल, आणि छप्पर सुमारें ०.७. ही ओढाताण वर्षानुवर्षें चालते. सांध्यांत भरलेलें द्रव्य मऊ आहे तोंवर तें ताणलें जातें. वाळून कडक झालें कीं सुटतें. केसाएवढी फट पडली तरी पुरे. केशाकर्षणानें पाणी तिच्यांत आपोआप ओढलें जातें. पूर्वीं कोणीं तरी त्यावर सिलिकोनचा लेप चोपडला होता; पण आंतलें जुनें तसेंच ठेवून वरून लेप दिल्यानें फट झांकली गेली, बुजली नाहीं.

म्हणून आम्हीं चौकट समूळ काढली. जुना लेप लांकडी पट्टीनें खरवडला, कारण लोखंडी पात्यानें छपरास चरे पडतात. सिलिकोनचा अंशही राहतां कामा नये, कारण त्यावर दुसरें कांहीं चिकटत नाहीं. छपराची जागा स्पिरिटानें पुसली. परंतु झरोक्याच्या ॲक्रिलिक झांकणास मात्र साबणाचें पाणीच वापरलें, कारण तीव्र द्रव्यांनीं त्यास बारीक तडे जातात. प्लायवुडाची कड टोच्यानें दाबून पाहिली. एका ठिकाणीं ती भिजून पोकळ झाली होती. तेवढा तुकडा कापून नवा बसविला. मग चार दिवस सर्व वाळूं दिलें. ओल आंत कोंडून वरून सांधा बुजविणें म्हणजे जखम न धुतां पट्टी बांधण्यासारखें आहे.

बाहेरील चौकटीखालीं ब्यूटिल रबराची चिकट पट्टी सलग फिरविली. ही पट्टी वाळून कडक होत नाहीं, हाच तिचा गुण. तिचीं टोकें उताराच्या खालच्या बाजूस एकावर एक आणून दाबलीं, म्हणजे तुंबणाऱ्या पाण्यासमोर जोड येत नाहीं. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आंवळले; एकच पुरता आंवळला तर चौकट वांकडी होऊन तडकते. दुसऱ्या दिवशीं पट्टी दबून सैल झालेले स्क्रू पुन्हां हलक्या हातानें आंवळले. आंतल्या चौकटीस मात्र लेप दिला नाहीं. पुढें कधीं गळती झालीच, तर पाणी लपून लांकूड कुजविण्यापेक्षां बाहेर दिसलेलें बरें.

एक काम उरलें होतें. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यांत मिज नांवाचीं चावरीं चिलटें थव्यांनीं येतात. त्यांचे पंख दीड मिलिमीटरच्या आसपास असतात. आपल्याकडील मच्छरदाणीचें छिद्र सव्वा मिलिमीटरच्या जवळपास असतें; त्यांतून डास जात नाहीं, पण हें चिलट शिरतें. सन १८९७ मध्यें सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांनीं डासांच्या पोटांत हिंवतापाचे जंतु शोधले, तेव्हांपासून जाळी ही आरोग्याची राखणदार ठरली आहे. मिज मनुष्यास रोग देत नाहींत, परंतु झोंप मात्र पार नाहींशी करतात. म्हणून अधिक बारीक विणीची जाळी घेतली. तिच्यांतून हवा कमी येते हें खरें. यास्तव ती झरोक्यापेक्षां मोठ्या लांकडी चौकटीवर बसविली. चौकटीच्या खांचणींत रबरी दोरी दाबून जाळी ताणली, आणि फिरत्या खिट्ट्यांनीं ती छपरास अशी लावली कीं झरोका उघडण्यासाठीं क्षणांत काढतां यावी. जी जाळी काढण्यास त्रास पडतो, ती एकदां काढली म्हणजे पुन्हां लावली जात नाहीं.

दोन रात्री पाऊस पडला. आम्ही स्वतः त्या गाडींत, छप्पर उचलून, निजलों. गादी कोरडी राहिली. तिसऱ्या दिवशीं बाईंनीं पडदे टांगले.

बायबलांतील उपदेशकाच्या पुस्तकांत, दहाव्या अध्यायांत, आळशी मनुष्याच्या गळक्या घराचा उल्लेख आहे. आम्ही मात्र आळसानें चुकलों नव्हतों. घाईनें व ज्ञानाच्या अभिमानानें चुकलों होतों. पुस्तकांतील नियम खरा होता, पण आम्हीं तो वस्तूस न विचारतां तिच्यावर लादला. मित्रहो, गणित असो, यंत्र असो वा एखाद्या मित्राचा दोष असो, उत्तर सांगण्यापूर्वीं तो प्रश्न जेथें उभा राहतो तेथें जाऊन पाहा. आणि उत्तर चुकलेंच, तर पुढ्यांतला चहा मुकाट्यानें पिऊन पुन्हां कामास लागा.