वायूचं आकारमान आणि साक्याचं वजन

पुणे

चि. सायली,

तुझ्या वहीचे फोटो पाहिले. 5.6 लिटर कार्बन डायऑक्साइड चुन्याच्या निवळीतून सोडला, तर कॅल्शिअम कार्बोनेट किती मिळेल? तू 5.6 ला 22.4 ने भागलंस, पाव मोल काढलास आणि 25 ग्रॅम असं उत्तर लिहिलंस. समीकरण बरोबर आहे: वायूच्या एका मोलाला कार्बोनेटचा एक मोल, म्हणजे 100 ग्रॅम. पण वायू 27 अंश सेल्सिअसला मोजला, असं प्रश्नात स्पष्ट दिलंय आणि तू ते वाचून सोडून दिलंस. त्यासाठीच हे पत्र.

घन पदार्थाचं वजन सांगितलं की त्यात किती कण आहेत ते ठरतं. वायूच्या आकारमानाचं तसं नाही. नुसतं 'साडेपाच लिटर' म्हटल्यानं काहीच कळत नाही. कोणत्या तापमानाला आणि किती दाबाखाली, हे सांगावंच लागतं. 22.4 लिटर हा आकडा शून्य अंश आणि एक वातावरण दाबाचा आहे. काही पुस्तकांत 22.7 दिसेल. 1982 पासून प्रमाण दाब एक बार धरायचं ठरलं, म्हणून तो फरक. दोन्ही आकडे बरोबर. तुझ्या प्रश्नाला मात्र दोन्ही चालणार नाहीत. 27 अंश म्हणजे 300 केल्विन. तेव्हा 5.6 ला आधी 273/300 ने गुणून मग 22.4 ने भाग. दाब एक वातावरण धरलास, तर उत्तर पावणेतेवीस ग्रॅमच्या आसपास येईल.

हाच वायू आपण पुण्यात मोजला असता तर? पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. इथे हवेचा दाब 760 नव्हे, साधारण 710 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. कार्बोनेट 21.3 ग्रॅमवर येतं. वायू पाण्यावर गोळा केला असेल, तर त्यात पाण्याची वाफही मिसळलेली असते. 27 अंशाला तिचा दाब सुमारे 27 मिलिमीटर. तो वजा केला की उरतात जेमतेम साडेवीस ग्रॅम. भांड्यावरची खूण तीच, 5.6 लिटर, आणि उत्तरात साडेचार ग्रॅमची तफावत! म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: वायूचं आकारमान वहीत उतरवलंस की त्याच ओळीत तापमान आणि दाब लिही, मगच समीकरणाकडे वळ.

समान तापमानाला आणि समान दाबाला वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्याही समान असते, हे आव्होगाड्रोनं 1811 मध्ये मांडलं. जवळजवळ पन्नास वर्षं त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1860 मध्ये कार्ल्सरूहच्या परिषदेत कानिझारोनं तो विचार पुन्हा पुढे आणला, पण तोवर आव्होगाड्रो हयात नव्हता. मला याचं फार वाईट वाटतं. तू लिटरवरून मोलवर जी उडी सहज मारतेस ती त्याच्या त्या वाक्याच्या जोरावर, आणि त्या वाक्याची सुरुवातच तापमान व दाबापासून होते.

आणखी एक बघ. लिटरभर पाण्यात कळीचा चुना विरून जेमतेम पावणेदोन ग्रॅम कॅल्शिअम हायड्रॉक्साइड विरघळलेलं राहतं. पाव मोल वायूला साडेअठरा ग्रॅम लागेल, म्हणजे निवळी झाली दहा-अकरा लिटर! एकच लिटर घेतलीस, तर कार्बोनेटचा साका सव्वादोन-अडीच ग्रॅमच्या वर जाणारच नाही. उलट जास्तीचा वायू जात राहिला की दुधाळ पाणी पुन्हा निवळतं, कारण कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. प्रश्नात 'पुरेशी निवळी' हे शब्द आहेत का, ते आधी पाहत जा.

आता तांब्याच्या काळ्या ऑक्साइडवरून हायड्रोजन सोडण्याचं पुढचं उदाहरण घे. त्यात हायड्रोजन मुद्दाम जास्त सोडतात. तेव्हा तांबं किती मिळेल ते वायूच्या लिटरांवरून काढायचं की ऑक्साइडच्या वजनावरून, ते तूच ठरव आणि कारणासकट मला कळव.

तुझी,
आत्या