बर्फातली सामाईक वाट

मंडळी, आपण बर्फ पाहतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. पण काही मुलुखांत हिवाळाभर अंगणात, रानात, छपरावर बर्फच बर्फ असतो. अशा एका खोऱ्यात आम्ही मुलाबाळांसह गेलो होतो. तिथली एक वाट आमच्या मनात राहिली आहे.

हे खोरे अमेरिकेत आहे. त्या देशाच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. तिथल्या कॅस्केड डोंगरातून मेटहाव नदी वाहते. नदीच्या खोऱ्यात विन्थ्रॉप आणि मझामा ही लहान गावे आहेत. हिवाळ्यात पश्चिमेकडचा घाटरस्ता बंद होतो. डोंगरावरून बर्फाचे ढीग कोसळतात ना, म्हणून. तो उघडतो थेट वसंतात.

घाट बंद झाला तरी माणसे घरात बसत नाहीत. ती बर्फावरच वाटा करतात. सगळ्या मिळून २०० किलोमीटरहून जास्त! विन्थ्रॉप ते मझामा ही वाट सुमारे ३० किलोमीटरची आहे.

वाट करतात कशी? आपण शेतात फळी फिरवतो, तसे बर्फावर यंत्र फिरवतात. भुसभुशीत बर्फ दाबून सपाट होतो. कडेला दोन सरळ चाकोऱ्या पाडतात. पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून लोक त्या चाकोऱ्यांतून घसरत जातात. या पट्ट्यांना स्की म्हणतात. काही वाटांवर बर्फाचे रुंद जोडे घालून चालता येते. काहींवर जाड चाकांची सायकल चालते, कुत्रेही नेता येते. आजोबा आणि नातवंडे एकाच वाटेने जाताना दिसतात.

आमचा धाकटा मुलगा बर्फाचे जोडे घालून मजेत चाकोरीतूनच चालू लागला. मागून एक आजीबाई स्कीवरून आल्या. थांबून म्हणाल्या, "बाळ, कडेनं चाल हं. तुझ्या पावलांनी चाकोरी मोडते. रात्री तो खड्डा गोठून दगडासारखा होतो. उद्या कुणीतरी अडखळून पडेल."

आम्ही शरमलो. मुलाला सांगायचे ते आमचे काम होते.

मग आम्ही विचारले, "ही जमीन कुणाची?"

आजीबाई हसल्या. "पुष्कळांची! काही सरकारची, काही लोकांच्या मालकीची. मालक संमती देतात, म्हणून वाट आहे."

१९७७ साली तिथे या वाटांसाठी एक संस्था निघाली. ती नफ्यासाठी चालत नाही. स्कीवाले फी देतात, त्यातून यंत्राचा खर्च भागतो. पण पैशाने सगळे होत नाही, बरं का! मधल्या एकाच मालकाने नाही म्हटले, तर वाट तिथे तुटते. म्हणून लोक आखलेली वाट सोडत नाहीत, कचरा टाकत नाहीत. बर्फ वितळला की बर्फावरची वाटही जाते. जमीन मात्र ज्याची त्याचीच राहते.

आपल्याकडे बर्फ नाही, पण अशा वाटा आहेत. शाळेला, विहिरीला, देवळाला जाणारी पायवाट कुणाच्या तरी रानातून, बांधावरून जाते. चिखल झाला की आपण बांध सोडतो आणि पीक तुडवतो. मग मालक काटे लावतो. भांडण कचेरीत जाते. त्यात पैसा जातो, शेजारही तुटतो.

तुमच्या गावात अशी वाट आहे का? उद्या तिच्यावरून जाताना आपली पावले कुठे पडतात, तेवढे पाहा.