घोड्यांच्या कुंपणाची बॅटरी : निवड व निगा

आपल्याकडे घोडें बहुधा आगाडी-पिछाडीनें बांधून ठेवलेलें असतें. सतत बांधलेल्या घोड्याचे पाय सुजतात, पोट बिघडतें आणि लांकूड कुरतडण्यासारख्या खोडी त्यास जडतात. दिवसांतून कांहीं तास तरी त्यास मोकळें सोडावें हें सर्वांस पटतें. परंतु मोकळें सोडावयाचें तर कुंपण हवें, आणि कुंपण म्हटलें कीं शेतकऱ्याचें लक्ष प्रथम कांटेरी तारेकडे जातें. घोड्यास ही तार फार घातक आहे. घोडें बुजलें म्हणजे समोर काय आहे हें न पाहतां धांवतें. तारेंत पाय अडकल्यास तो जोरानें ओढतें आणि कातडें व खालचे स्नायु कापून घेतें. एखादें उमदें शिंगरूं अशा एकाच जखमेनें जन्माचें निकामी होतें.

विजेच्या झटक्याचें कुंपण हा यावर चांगला उपाय आहे. या कुंपणाच्या इतिहासाचा घोड्याशीं संबंधही आहे. इसवी सन १९३० नंतरच्या दशकांत न्यूझीलंडमधील बिल गॅलॅगर यांचें घोडें त्यांच्या मोटारीस अंग घासत असे. मोटारीसच विजेचा झटका बसेल अशी योजना करून त्यांनीं ही खोड मोडली, आणि पुढें तीच युक्ति कुंपणास लावली, असें सांगतात.

कुंपण चालतें कसें ?

बारा व्होल्टच्या बॅटरींतून थोडी थोडी वीज घेऊन झटकायंत्र ती सांठवतें, आणि सुमारें दर सेकंदास एक या बेतानें तारेंत सोडतें. हा झटका कांहीं हजार व्होल्टांचा, पण सेकंदाच्या अत्यल्प भागापुरताच असतो; म्हणून तो लागतो, परंतु इजा करीत नाहीं. घोड्याचें कातडें पातळ व संवेदनशील असल्यानें तारेच्या शेवटच्या टोंकाशीं दोन ते तीन हजार व्होल्ट मिळाले म्हणजे पुरे होतात. बारीक तार घोड्यास दिसत नाहीं, म्हणून सुमारें दीड इंच रुंदीची पांढरी विद्युत्-पट्टी वापरावी.

ही पट्टी घोडें सहज तोडूं शकेल. एकदां लागलेला झटका त्यास आठवतो, म्हणूनच तें दूर राहतें. बॅटरी उतरली कीं ही आठवण पुसूं लागते, आणि कुंपण निर्जीव आहे हें घोड्यास कळलें म्हणजे तें रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या उभ्या पिकांत शिरतें. म्हणून कुंपणाचा सर्व भरंवसा बॅटरीवर आहे.

बॅटरीचा खर्च वांचविण्यासाठीं घरची अगर पंपाची वीज थेट तारेस जोडण्याचा मोह कोणीही धरूं नये. अशा तारेनें जनावरें तशींच माणसेंही मरतात, आणि तो गंभीर गुन्हा आहे.

कोणती बॅटरी घ्यावी ?

(१) कोरडी, नऊ व्होल्टची बॅटरी : लहान व तात्पुरत्या कुंपणास सोयीची, परंतु संपली कीं टाकून द्यावी लागते. वर्षभराच्या कुंपणास ती परवडत नाहीं.

(२) मोटारीची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी : इंजिन सुरू करण्यापुरता क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठीं हिच्या प्लेटी पातळ केलेल्या असतात. रोज हळूहळू उतरणें व पुन्हां चढणें त्यांस मानवत नाहीं. ट्रॅक्टरची काढून टाकलेली जुनी बॅटरी कुंपणास लावणें ही काटकसर नव्हे.

(३) ट्युब्युलर बॅटरी : घरच्या इन्व्हर्टरला किंवा सौर दिव्यांना लावतात ती. हिच्या प्लेटी जाड असून खोल वापर सोसतात. कायमच्या कुंपणास हीच उत्तम. मात्र पाण्याकडे लक्ष द्यावें लागतें.

(४) लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी : हलकी, पाणी न लागणारी, आणि सुमारें पाऊणहिस्सा वापरली तरी न बिघडणारी. किंमत अधिक, व चार्जर तिच्याच जातीचा लागतो.

केवढी घ्यावी ?

यंत्रावर त्याचा सरासरी प्रवाह लिहिलेला असतो. समजा तो १२० मिलिअँपियर आहे. चोवीस तासांत सुमारें ३ अँपियर-तास वीज खर्च होईल. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरूं देऊं नये; म्हणून ६० अँपियर-तासांच्या बॅटरींतून ३० च वापरावे, म्हणजे ती दहा दिवस पुरेल. सोबत २० वॅटचें सौर तावदान असल्यास स्वच्छ उन्हाच्या दिवशीं रोजचा खर्च भागून थोडी वीज शिल्लक राहते. पावसाळ्यांत आभाळ आठवडाभर भरून असतें. तेवढ्यासाठींच ही दहा दिवसांची शिदोरी. तावदान व बॅटरी यांमध्यें चार्ज-नियंत्रक अवश्य बसवावा.

निगा

शिशाच्या बॅटरीची स्थिति व्होल्टमीटरनें कळते. यंत्र व चार्जर दोन्ही सोडून बॅटरी कांहीं तास स्वस्थ ठेवावी व मग मोजावें :

१२.६ व्होल्ट किंवा अधिक : पूर्ण भरलेली.
१२.२ व्होल्टच्या सुमारास : निम्मी, आतां चार्ज करावी.
१२ व्होल्टखालीं : फार उतरली, एक दिवसही तशी ठेवूं नये.

उतरलेल्या स्थितींत बॅटरी पडून राहिली कीं प्लेटींवर शिशाचा क्षार घट्ट जमतो व तिची शक्ति कायमची घटते. कुंपण बंद असतांनाही महिन्यांतून एकदां ती पूर्ण चार्ज करावी. चार्ज करतांना ती कुंपणाच्या यंत्रापासून सोडवावी. त्या वेळीं हायड्रोजन वायु निघतो व तो पेट घेतो. म्हणून जागा हवेशीर असावी आणि विडी-काडी दूर ठेवावी.

पाणी फक्त डिस्टिल्डच घालावें. विहिरीच्या पाण्यांतील क्षार प्लेटी बिघडवितात. पाणी चार्ज झाल्यावर घालावें; मात्र प्लेटी उघड्या पडल्या असल्यास त्या बुडण्यापुरतें आधीं घालावें. आम्ल कधींही वाढवूं नये. टोंकांवर पांढरा-हिरवा थर आल्यास तारा सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें पुसावा, कोरडें करून व्हॅसलीन लावावें. सोड्याचें पाणी घटांत जाऊं देऊं नये. आम्ल डोळ्यांत उडाल्यास लगेच भरपूर पाण्यानें धुऊन वैद्याकडे जावें.

उष्णतेनें बॅटरीचें आयुष्य झपाट्यानें घटतें. तिला झाकणाच्या, भोंकें पाडलेल्या पेटींत, सावलींत व घोड्याचें तोंड पोंचणार नाहीं अशा जागीं ठेवावें.

कुंपण अशक्त वाटलें म्हणून बॅटरीस दोष देण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. पट्टीस लागलेलें गवत वीज जमिनींत नेतें, तें कापावें. जमिनींत पुरलेले सळईचे गज उन्हाळ्यांत कोरड्या मातींत निरुपयोगी होतात. तेथें पाणी घालावें.

सारंगखेड्याच्या बाजारांतून किंवा अन्य कोठून नवें घोडें आणल्यास त्यास दिवसाउजेडीं, स्वतः उभें राहून, कुंपणाची ओळख करून द्यावी. दर आठवड्यास ठरलेल्या वारीं तारेच्या शेवटच्या टोंकाशीं मोजणीयंत्रानें व्होल्ट पाहावे, बॅटरी मोजावी, आणि दोन्ही आंकडे वहींत लिहावे. आंकडा उतरूं लागला कीं घोड्याच्या आधीं आपणांस कळेल, आणि या कुंपणांत तेंच मुख्य होय.