चंद्रताल शेवटी ठेव

पुणे,
ऑगस्ट अखेर

चि. बाळास,


तू पाठवलेला स्पितीचा कार्यक्रम कागदावर उतरवून घेतला आणि पेन्सिल घेऊन बसले. पहिली रात्र मनाली, दुसरी चंद्रताल, इथेच पेन्सिल थांबली.

मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे आणि चंद्रताल ४,२५० च्या आसपास. म्हणजे एका दिवसात २,२०० मीटर वर जाऊन तुम्ही तिथेच झोपणार. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून मोजलं तरी १,६४६ मीटर भरतं. तुझी एका दिवसाची उडी त्याहून मोठी आहे. शिवाय ती तू गाडीत बसून मारणार, त्यामुळे अंगाला कळणारही नाही. पूर्वी रोहतांगच्या चढावर गाड्या तासन्तास अडायच्या. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि नऊ किलोमीटरमध्ये माणूस पलीकडे लाहौलात. रस्ता सोपा झाला, पण हवा होती तेवढीच विरळ राहिली. चंद्रतालच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण साठ टक्के असतो, आणि प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच हिशेबाने कमी मिळतो.

तू अलंग-मदन-कुलंग केलं आहेस, पावसाळ्यात कळसूबाई चढतोस, तुझा दम मला ठाऊक आहे. पण विरळ हवा दम बघून सोडत नाही. उलट धडधाकट पोरंच डोकं ठणकत असताना ‘काही होत नाही’ म्हणून पुढे रेटतात. मी हे ऐकीव सांगत नाही. स्पितीला पहिल्यांदा गेले तेव्हा आम्हीही मनालीहून पहाटे निघालो, कुंझुमची खिंड ओलांडली आणि रात्री थेट किब्बरला, जवळपास ४,२०० मीटरवर, झोपलो. माझ्या मैत्रिणीचं डोकं दुपारपासूनच दुखत होतं. रात्री उलट्या झाल्या. मी म्हटलं, प्रवासाचं पित्त असेल, आणि तिला सोडा पाजून पांघरूण घालून निजवलं. सकाळी ती अंगणात आली ती भिंत धरून. आमच्या स्पितीच्या ड्रायव्हरने तिला टाचेला बोटं लावून सरळ रेषेत चार पावलं टाकायला सांगितली. तिला दोनही टाकता येईनात. त्याने चहासुद्धा घेऊ दिला नाही. सामान तसंच टाकून आधी काझाला ऑक्सिजन दिला आणि मग ताबोपर्यंत, हजार मीटर खाली, उतरवलं. ताबोला पोचताना तिने स्वतःहून पाणी मागितलं, तेव्हा मी रडले. तो ड्रायव्हर नसता तर मी तिला अजून एक रात्र ‘पित्त’ म्हणून निजवलं असतं.

म्हणून माझं ऐक आणि कार्यक्रम उलटा फिरव. शिमल्याकडून वर चढ. एक रात्र नारकंड्याला, दोन रात्री कल्पाला, तिथे ३,००० च्या जरा खालीच असतोस आणि समोर किन्नर कैलास. पुढे खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, तिथून रस्ता नाकोकडे चढतो. नाको ३,६०० च्या वर आहे. तळ्याकाठी जेव, हिंड, पण मुक्काम ताबोला कर, ते त्याहून तीन-चारशे मीटर खाली आहे. दिवसा उंच जावं, रात्री खाली झोपावं. ३,००० च्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर सरकवायची नाही, एवढा एक हिशेब तुम्ही चौघांनी पाठ करा. मग काझाला तीन रात्री. चंद्रताल अगदी शेवटी, कुंझुम ओलांडून मनालीकडे उतरताना. तोवर तुमचं रक्त तयार झालेलं असेल, आणि त्या निळ्या पाण्याकडे ठणकत्या डोक्याने बघावं लागणार नाही. तळ्याच्या काठावर तंबू टाकायला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. तंबू अलीकडे असतात, शेवटचं अंतर चालत जा.

याने सात दिवसांचे अकरा-बारा होतील. रजा मिळत नसेल तर ठिकाणं कमी कर, रात्री कमी करू नकोस. किन्नौरात दरड कोसळून रस्ता बंद होतो, त्यासाठी एक-दोन दिवस मोकळेही हवेत. सप्टेंबरच्या मध्याला निघालास तर पाऊस ओसरत आलेला असेल.

तुझ्या यादीत ताबोला ‘अर्धा तास’ आहे. ते खोडून एक सकाळ लिही. ९९६ साली उभारलेला तो गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, बाहेरून मातीच्या ढिगासारखा दिसतो. आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. छतातल्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडाला डोळे सरावले की भिंतीतून मूर्ती पुढे येऊ लागतात, माणसाएवढ्या, मातीच्याच, आणि त्यांच्या खाली-वर चित्रं. लोक त्याला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. पण अजिंठ्याला पाठीशी कातळ आहे, इथे भिंतही मातीची, छपरावरही माती, आणि ती जेमतेम पावसाच्या मुलखासाठी बांधलेली. जोराचा पाऊस झाला की ती झिरपते. आत फोटो काढायचे नाहीत, कोणी बघत नसलं तरी.

लांगझाला पोरं हातावर दगड घेऊन पुढे येतील. दगड फोडलेला असेल आणि आत शंखासारखं वेटोळं. आजीच्या देवघरातला शाळिग्राम आठव, तो गंडकीचा, पण त्याच टेथिस समुद्रातल्या त्याच जातीच्या जीवाचा. चौदा हजार फुटांवर समुद्राचा तळ हातात धरायला मिळतो. धर, डोळे भरून बघ आणि परत दे. विकतही घेऊ नकोस, उचलूही नकोस. ते जीवाश्म पिशव्यांतून खाली उतरत राहिले तर त्या डोंगरात पुढच्यांना बघायला काही उरणार नाही.

लांगझाला एक रात्र कोणाच्या तरी घरीच राहा, पण काझाच्या तीन रात्रींनंतरच. तो चढ पाचशेहून जास्त आहे, म्हणूनच आधी त्या तीन रात्री. मातीच्या शौचालयात जमिनीला भोक असेल आणि कोपऱ्यात कोरड्या मातीचा ढीग, त्यात फावडं. झालं की दोन फावडी माती टाकायची, पाणी ओतायचं नाही. तेच खत वसंतात जवाच्या आणि वाटाण्याच्या शेतात जातं. पाण्याने ते नासतं. पाणी बर्फाच्या ओहोळातून पाटाने येतं, अंघोळीसाठी बादल्या मागू नकोस. भेटेल त्याला ‘जुले’ म्हण. मंत्र कोरलेल्या दगडांची मणी-भिंत नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून चाल.

औषधाचं. डायमॉक्स, ती उंचीच्या त्रासावरची गोळी, आपल्या मनाने घेऊ नकोस. दादाला सल्फाच्या गोळीने अंगावर उठलं होतं, ते डॉक्टरांना सांग आणि मगच विचार. पहिल्या चार रात्री दारू नको, झोपेची गोळी नको. डोकं दुखलं तर वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना किंवा कोणी बरळू लागलं, तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. हे चौघांनी घरीच ठरवून निघा. तिथे ज्याचं डोकं फिरलेलं असतं तोच ‘मी ठीक आहे’ म्हणून भांडतो.

हिक्कीमच्या पोस्टातून मला एक कार्ड टाक, ते चार हजार चारशे मीटरवर आहे. गाडी ठरवायच्या आधी फोन कर, मी दुपारी चारनंतर घरीच असते.

तुझी,
आत्या