पहिली मुलाखत



बारावीनंतर आपल्यातील काही मुले पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जातात. त्यांच्यासाठी आम्ही चार गोष्टी सुचवू इच्छितो.

आधी जागेची चौकशी करावी : काम कोणते, वेळ कोणती, पगार किती. मार्कशीट व आधार कार्डाच्या झेरॉक्स द्याव्यात. मूळ कागद दाखवून परत घ्यावेत. नोकरीसाठी कोणी डिपॉझिट मागितले, तर सरळ उठून यावे.

“अनुभव आहे का?” या प्रश्नाला मुले गप्प बसतात. खोटा अनुभव सांगू नये. मात्र भावंडांचा अभ्यास घेणे, घरची भाजी बाजारात विकून हिशेब ठेवणे, हेही कामच आहे. ते न लाजता सांगावे. जे जमत नाही, तिथे “येत नाही, पण शिकेन” एवढे पुरे.

वयही खरे सांगावे, कारण त्यातच संरक्षण आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याचे काम देता येत नाही. दुकानात त्यांना विश्रांती धरून दिवसाला ६ तासांपेक्षा जास्त, किंवा संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात कामावर ठेवता येत नाही. आठवड्याची सुट्टीही द्यावी लागते. वय वाढवून सांगणारा मुलगा हे हक्क स्वतःच गमावून बसतो.

पालकांनो, नकार आला तर शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. मुलाखतीत एका जागेसाठी निवड होते, माणसाची किंमत ठरत नाही. घरी आल्यावर आधी जेवायला वाढा. मग विचारा, कोणता प्रश्न अडला?