दवाखान्याच्या भिंतीवरचा कागद वाचा

मधुबन जलाशयात गळ बोटात घुसला की आपण सिल्वासाला जवळच्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला धावतो. तो दवाखाना कुणी तपासलाय का?

2010 च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याने एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यालाही नोंदणी लागते. प्रमाणपत्र सगळ्यांना दिसेल असं लावायचं. त्यावर ‘प्रोव्हिजनल’ लिहिलं असेल तर ते तपासणी न करताच मिळालेलं असतं, मुदत एक वर्ष. तारीख बघाच.

सुई नव्या पाकिटातली, आपल्यासमोर फोडलेली हवी. वापरल्यावर ती आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची. साध्या बादलीत पडली तर विचारा. आम्हीही आधी लाजायचो. तक्रार जिल्हा नोंदणी प्राधिकरणाकडे करा, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. ते दवाखान्याची तपासणी लावू शकतात.