त्यांचं म्हणणं काय होतं?

“सहकाऱ्याशी मतभेद झाल्याचा एखादा प्रसंग सांगा.” हातातोंडाशी आलेल्या दोन नोकऱ्या मी या एका प्रश्नावर घालवल्या.

पहिल्या वेळी मी ताठ बसून म्हणाले, “माझं कुणाशीच कधी वाजलं नाही.” भोसरीत गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात चार वर्षं काढलेली मुलगी असं सांगते, यावर कोण विश्वास ठेवणार? प्रॉडक्शनवाल्यांना माल पाठवायची घाई आणि आम्हाला तो तपासल्याशिवाय सोडता येत नाही. तिथे मतभेद रोजचेच. समोरच्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला. त्यानंतर ते मनापासून ऐकत नव्हते, हे मला जाणवलं.

दुसऱ्या वेळी खरा प्रसंग सांगितला. दुसरी पाळी सुटायच्या वेळी दोनशे नगांचा लॉट गाडीत चढणार होता. भोकाचं माप तपासायच्या प्लग गेजची नो-गो बाजू, जी आत जायला नको, ती भोकात शिरत होती, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं. मी लॉट अडवला. सुपरवायझर भर लाइनवर म्हणाले, “मॅडम, माल बरोबर आहे. तुमचा गेजच झिजलाय.” हे सांगता सांगता माझा आवाज चढला. ते किती हट्टी, साहेब त्यांनाच कसे सांभाळून घेतात, मी बोलतच गेले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारलं, “त्यांचं म्हणणं काय होतं?” मला उत्तर देता आलं नाही.

खरं तर त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर होतं. नो-गो बाजू झिजली की बारीक होते आणि मापातल्या भोकातही शिरते. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून बोअर गेजने नग न् नग मोजला होता. अकरा नग बाद निघाले, बाकीचा माल चांगला होता. गाडी दोन तास उशिरा गेली आणि तो गेज दुसऱ्याच दिवशी बदलला. एवढं सगळं माझ्यापाशी असताना मी फक्त भांडण सांगून आले होते.

तिसऱ्या मुलाखतीला जाताना मनाशी एकच कसोटी धरली. ते सुपरवायझर शेजारच्या खुर्चीत बसले असते, तर माझं बोलणं ऐकून “हो, असंच झालं” म्हणाले असते का? माझी चूक आणि त्यांचा मुद्दा, दोन्ही धरून दोन मिनिटांत सांगितलं. ती नोकरी मिळाली.

माणसाची पारख प्रत्यक्ष प्रसंगातल्या वागण्यावरून करायची, ही या प्रश्नामागची रीत जुनी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी अशा प्रसंगांच्या अभ्यासाची पद्धत १९५४ साली मांडली. म्हणून “मी समजूतदार आहे” एवढं म्हणून भागत नाही. घडलेला प्रसंगच लागतो.

तो निवडताना कामाचा मतभेद घ्या, स्वभावाचा किंवा बढतीचा नको. छळ किंवा फसवणूक झाली असेल तर तो मतभेद नव्हे; त्याची दाद वेगळीकडे मागायची असते. परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम या क्रमाने सांगा, पण समोरच्याचं कारण त्यात आलंच पाहिजे. जुन्या कंपनीच्या ग्राहकाचं नाव घेऊ नका. “आज तीच वेळ आली तर काय वेगळं कराल?” हा प्रश्न पाठोपाठ येतो. मला तो आला तेव्हा मी म्हणाले, “लॉट अडवण्याआधी दुसऱ्या गेजने तपासेन.” पहिलीच नोकरी शोधत असाल तर कॉलेजचा प्रोजेक्ट किंवा गणेशमंडळाचं कामही चालतं.

आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री तोच प्रसंग समोरच्या माणसाच्या बाजूने कागदावर लिहून काढा. तसा लिहिता आला नाही, तर प्रसंग बदला.